उजव्या हाताचा होकार

माझे बाबा देवाने निवडलेल्यांपैकी आहेत की नाहीत, या एका प्रश्नाने गेलं वर्षभर माझं डोकं पोखरून काढलं आहे. ज्याला हा प्रश्न कधी पडला नाही त्याला हे वेड लागल्यासारखं वाटेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. दोन वर्षांपूर्वी कोणी मला असं विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं, बाबा रे, तुला दुसरं काम नाही का. हा अनुभव लिहून काढ, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या गुरुजींनी सांगितलं म्हणून लिहायला बसलो आहे. लिहिता लिहिता सगळं स्पष्ट होईल, असं ते म्हणाले होते. तीन वेळा लिहून फाडलं. अजून तरी काही स्पष्ट झालेलं नाही.

मी लाखनीला हायवेच्या कडेला मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो. धानाच्या बांधीला, म्हणजे भातखाचराला, पाणी देणाऱ्या मोटारी जळल्या की लोक माझ्याकडे घेऊन येतात, मी जुनी तार काढून नवी भरून देतो. आमचं मूळ घर आसगावच्या पुढे, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या ढिवर मच्छीमारांच्या वस्तीत. बाबांचा सगळा जन्म त्या तलावात गेला. मी मात्र पाण्यापासून पळालो आणि दारूत जाऊन पडलो. पंधरा वर्षांपूर्वी दुकानात मोटार घेऊन आलेल्या एका निवृत्त शाळामास्तरांनी, म्हणजे याच गुरुजींनी, मला हाताला धरून आपल्या घरच्या प्रार्थनेला नेलं. तिथे मी प्रभू येशूचं नाव पहिल्यांदा मनापासून घेतलं आणि वर्षभरात दारू सुटली. बाप्तिस्मा घेतला तेव्हा वस्तीतले लोक तोंड फिरवून बसले होते. बाबांनी मात्र एवढंच म्हटलं, "दारू सुटली ना गा? मंग कोनताबी देव पाय. पन घरी येत जा." त्यांचे देव त्यांच्या फळीवर राहिले, माझा माझ्या घरी. तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मी बाबांसाठी प्रार्थना करत आलो. त्यांनीही विश्वास ठेवावा, आम्ही दोघं एकाच ठिकाणी पोचावं, एवढंच मागणं असायचं.

गुरुजी थकले तेव्हा मंडळीसाठी एक तरुण पास्टर आले. शिकलेले, साधे, खोटं न बोलणारे. एका रविवारी त्यांनी शिकवलं की विश्वास ठेवण्याआधी माणूस आत्म्याने आजारी नसतो, चक्क मेलेला असतो. आजारी माणूस निदान वैद्याला हाक मारू शकतो. मेलेल्या माणसाच्या हातावर औषधाची गोळी ठेवली तर तो मूठ तरी मिटेल का? म्हणून देवच आधी जीव घालतो, मग माणूस विश्वास ठेवतो. आणि जीव कोणाला घालायचा हे देवाने जग घडवायच्या आधीच ठरवून ठेवलं आहे. माणसाच्या गुणावगुणांचा त्यात काही संबंध नाही. गुरुजी पहिल्याच रांगेत बसले होते. ते काठी टेकत उठले आणि म्हणाले, "पास्टर, मग प्रभूने सगळ्यांना या म्हणून बोलावलं ते कशाला? ज्यांना येताच येत नाही त्यांना बोलावणं ही थट्टा झाली." पास्टर नम्रपणे म्हणाले, "गुरुजी, चार दिवस कबरेत पडलेल्या माणसालासुद्धा प्रभूने हाक मारलीच होती. तो उठला तो स्वतःच्या ताकदीने उठला का?" गुरुजी म्हणाले, "दार देव ठोठावतो, कडी माणसाने काढायची असते." पास्टर म्हणाले, "मेलेला माणूस कडी काढत नाही."

त्या दिवसापासून आमच्या तीस-पस्तीस माणसांच्या मंडळीत दोन पक्ष पडले. चहाच्या वेळीसुद्धा लोक दोन बाजूंना उभे राहू लागले. मी कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, कप हातात घेऊन नुसता फिरायचो. गुरुजींचं ऐकलं की तेच खरं वाटायचं. पास्टरांचं ऐकलं की वाटायचं, अरे, मी तरी कुठे स्वतःहून आलो होतो, मला तर गटारातून उचलून आणलं होतं. शेवटी एकदा पास्टरांना एकटं गाठून विचारलंच, "माझे बाबा निवडलेले आहेत का?" ते म्हणाले, "ते फक्त देवाला माहीत." उत्तर बरोबरच होतं. पण सगळं आधीच ठरलेलं असेल तर इतकी वर्षं मी रोज सकाळी काय मागत होतो? हळूहळू बाबांसाठीची प्रार्थना थांबली. मुद्दाम थांबवली नाही, तोंडातून शब्दच निघेनात. माझी बायको सुमन हे सगळं पाहत होती. ती एक दिवस म्हणाली, "देवानं ठरवलं असन त ठरवलं असन. पन तुमी काहून रुसून बसले? पोरगा बापासाठी बोलते, त्यात देवाचं काय जाते?" मी तिला म्हटलं, तुला शास्त्र कळत नाही. खरं तर मलाही कळत नव्हतं.

अशा डोक्याने मी जाळं ओढायच्या दिवशी गावी गेलो. आमच्या वस्तीत वर्षातून एकदा सगळे मिळून तलावात मोठं जाळं ओढतात. मासे पाळीवर आणून त्यांचे ढीग लावतात, जितकी घरं तितके ढीग. मग एक माणूस ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगावर काठी ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस मनात येईल त्या घराचं नाव घेतो आणि तो ढीग त्या घराचा होतो. लहान-मोठ्यावरून भांडण नको म्हणून ही रीत. पाठ करून उभं राहण्याचं काम कित्येक वर्षं बाबांकडे होतं. त्या दिवशीही त्यांनीच नावं घेतली. आजारी पडून घरी असलेल्याचं, दूर मजुरीला गेलेल्याचंही नाव घेतलं गेलं. वाटप झाल्यावर आम्ही दोघं पाळीवरच बसून जेवलो आणि माझ्या मनातलं बाहेर पडलं. निवड, मरण, जीव घालणं, सगळं मी त्यांना सांगितलं. बाबा मन लावून ऐकत होते. मग मिश्किल हसून म्हणाले, "मीबी पाठ करूनच नावं घेतो. कोनाले कोनता ढीग, मले दिसत नाई. पन ढीग लावनारा आधी घरं मोजते. तुह्या देवाजवळ ढीग कमी अन घरं जास्त आहेत का गा?"

याचं उत्तर मला आलं नाही, आणि उत्तर येत नसलं की मला राग येतो. हा माझा जुना दोष आहे, दारूबरोबर गेला नाही. मी म्हणालो, "बाबा, तू आतून मेलेला आहे. तुले हे समजनारच नाई." चार माणसं तिथे मासे वेचत होती, त्यांनी वर पाहिलं. बाबांचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते म्हणाले, "मी मेलो असतो त आत्ता तुले भाकर कोनं वाढली असती?" आणि उठून त्यांनी आपल्या वाट्यातले दोन चांगले मासे पिशवीत घालून माझ्या गाडीला अडकवले. मी माफी न मागता लाखनीला परत आलो. जिवंत बापाला तोंडावर मेलेला म्हणून आलो आणि वर मनात समाधान की आपण शास्त्राला धरून बोललो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी लहान भावाचा फोन आला. बाबा सकाळी जाळं शिवत बसले असताना एका अंगावर कलंडले होते. गाडी करून त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात आणलं. मी पोचलो तेव्हा उजवं अंग लुळं पडलं होतं आणि वाचा पूर्ण गेली होती. डॉक्टरांनी मेंदूतल्या रक्ताच्या गाठीबद्दल, डाव्या-उजव्याबद्दल पुष्कळ समजावून सांगितलं, पण माझ्या कानात एकच वाक्य घुमत होतं, बोलता येणार नाही. म्हणजे तोंडाने विश्वास कबूल करायची वाटही बंद झाली. मी त्यांना मेलेला म्हणालो होतो आणि अर्धं अंग खरोखरच मेलं होतं. माझ्या शब्दांनी हे झालं नाही, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असून काही उपयोग होत नव्हता.

भाऊ रात्रीला थांबायचा, मी दिवसभर. त्या दिवसांत मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच हवं, नाहीतर पुढच्या गोष्टीला अर्थ राहणार नाही. मी बाबांच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसायचो आणि त्यांचा लुळा उजवा हात हातात घेऊन हळू आवाजात विचारायचो, "बाबा, प्रभू येशूवर विश्वास ठेवतो का? ठेवत असशील त माहा हात दाब." डावा हात त्यांचा चांगला होता, हे मला दिसत होतं. पण डाव्या हाताने आम्ही कोणाला पाणीसुद्धा देत नाही. वस्तीच्या बैठकीत वचन द्यायचं तर उजवा हात पुढे करावा लागतो. डावा पुढे केला तर लोक हसतात. देवाला द्यायचा होकार डाव्या हाताचा कसा घ्यायचा? शिवाय पास्टरांची ती मुठीची गोष्ट माझ्या मनात घट्ट बसली होती. मेलेला हात मूठ मिटत नाही. म्हणजे हा मेलेला हात जर मिटला, तर देवाने स्वतः जीव घातला असं ठरेल, बाबा निवडलेले आहेत हे पक्कं होईल, आणि माझीही सुटका होईल. मी देवापुढे परीक्षेचा पेपरच ठेवला होता म्हणा ना.

हात मिटला नाही. एक दिवस गेला, दोन गेले. मी विचारायला लागलो की बाबा अस्वस्थ व्हायचे. तोंडातून घोगरा आवाज निघायचा आणि डावा हात हवेत जोरजोरात हलायचा, कधी खाटेवर आपटायचा. मला वाटायचं, ते नको म्हणताहेत. येशूचं नाव काढलं की हात झटकतात, म्हणजे आतून विरोधच आहे. एक मन म्हणायचं, झालं, हे निवडलेले नाहीत. दुसरं मन म्हणायचं, अजून एकदा विचारून पाहा. डाव्या हाताला सलाईनची सुई होती आणि त्या आपटण्याने ती दोनदा निघाली. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "काका सारखी सुई काढताहेत, हात थोडा बांधून ठेवू का?" मी हो म्हणालो. एवढंच नाही, त्यांनी मऊ पट्टीने तो हात खाटेच्या दांडीला बांधला तेव्हा बाबा ओढाओढ करू लागले म्हणून उशामागून हात लांबवून मीच तो दाबून धरला. त्यानंतर ते शांत पडून राहिले. डोळ्यांच्या कडेने पाणी वाहत होतं. मी तिथूनच ते पुसलं आणि परत उजव्या बाजूच्या स्टूलवर येऊन बसलो.

शेजारच्या खाटेवर साठीचा एक माणूस होता, त्यालाही लकव्याचाच झटका, दुसऱ्यांदा आलेला. त्याची बायको भंडाऱ्याच्या बाजारात भाजी विकायची. कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात काळी पोत, बोलायला मोकळी. तिने मला दोनदा चहा दिला होता, पण मी आपल्याच नादात होतो. चौथ्या दिवशी दुपारी मी पुन्हा तो उजवा हात धरून पुटपुटत असताना ती आपल्या नवऱ्याला भात भरवता भरवता थांबली. म्हणाली, "भाऊ, राग नोका येऊ देऊ. तुमी चार दिसांपासून तिकडूनच काहून बसून रायले? बुढ्याले तुमी दिसतच नाई."

मला कळेना. मी म्हणालो, "डोळे उघडे आहेत की त्यांचे."

"उघडे हायत, पन तिकडचं दिसत नाई," ती म्हणाली. "माह्या मानसालेबी पयल्या खेपेले असंच झालं होतं. ताटातली डावीकडची भाकर खाये, उजवीकडची तशीच ठेवे. मी म्हनो, भूक नसन. मंग डाक्टरनं सांगतलं, त्याले त्या बाजूचं दिसतच नाई मने. तुमचा आवाज येते त्याले. पोरगा हाय, बोलून रायला, पन हाय कुठं ते दिसत नाई. म्हनून हात हालवते. तो तुमाले बलावून रायला भाऊ, अन तुमी हातच बांधून टाकला."

मी स्टूलवरून उठलो. खाटेला वळसा घालून डाव्या बाजूला जायला चार पावलं लागतात. ती चार पावलं मी चार दिवस टाकली नव्हती. मी डावीकडे जाऊन वाकलो आणि बाबांचे डोळे माझ्यावर येऊन थांबले. त्यांनी मला आत्ता पहिल्यांदा पाहिलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ दिसलं की मला रडू आवरलं नाही. सिस्टरांना सांगितलं, त्यांनी लगेच पट्टी सोडली आणि मी हाताला धरून राहीन म्हणताच सुई सांभाळायला सांगून गेल्या. तो हात सुटला आणि थेट माझ्या तोंडावर आला. आंधळा माणूस चाचपतो तसे त्यांनी माझे गाल, नाक, दाढीचे खुंट चाचपले. मी म्हणालो, "बाबा, मी तुले मेला म्हनलो. मी चुकलो." त्यांनी ते ऐकलं की नाही, समजलं की नाही, मला सांगता येणार नाही. माझ्या ओठांवर तो जुना प्रश्नही आला होता. आता हात चांगला होता, विचारलं असतं तर एका दाबात उत्तर मिळालं असतं. पण मी विचारायच्या आत त्यांनी पाचही बोटं जुळवून आपल्या तोंडाशी नेली आणि माझ्याकडे पाहिलं. जेवला का, असं ते विचारत होते. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. मी नाही अशी मान हलवली, तसा त्यांनी रागाने माझ्या डोक्यावर हलकी टपली मारली. शेजारची ती बाई हसली आणि तिने आपल्या डब्यातला भात माझ्यासमोर ठेवला.

बाबा पंधरवड्याने घरी आले. त्यानंतरच्या रविवारी मी मंडळीत उभं राहून ही साक्ष दिली, आणि खरी गंमत तेव्हा झाली. गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "पाहिलंत? हात बांधला तरी माणूस हाक मारत होता. म्हणजे माणूस पार मेलेला नसतो, त्याच्यात काहीतरी जिवंत असतंच." पास्टर म्हणाले, "नाही गुरुजी, आंधळा तर त्यांचा हा मुलगाच होता. चुकीच्या बाजूला बसला होता आणि पलीकडून हाक येत होती. त्याला वळवायलाही बाहेरचं माणूस लागलं. ही कृपाच आहे." दोघांनी माझ्या बापाचा हात आपापल्या बाजूला ओढला म्हणायचा. मला दोघांचंही पटलं, म्हणजे मी होतो तिथेच राहिलो.

दोन दिवसांनी पास्टर दुकानात आले. मी मोटारीत तार भरत होतो. ते खोक्यावर बसले, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "माझी आई विश्वास न ठेवता गेली. शेवटी तिला ओळखही राहिली नव्हती, माझं नावसुद्धा नाही. तिने समजून-उमजून कडी काढायची असती तर तिच्यासाठी काहीच आशा उरली नसती. देव मेलेल्यांना उठवतो, कोणाच्या मदतीशिवाय उठवतो, हे मला तेव्हा घट्ट धरावंसं वाटलं. तुम्हाला त्याची भीती वाटली. मी तर त्याच्याच आधाराने उभा आहे." मी विचारलं, "मग आई निवडलेली होती का?" ते म्हणाले, "माहीत नाही हो." त्यांचे डोळे भरले होते. इतके दिवस मला वाटायचं की हा माणूस आमच्यावर कुलूप घालायला आला आहे. मी चहा मागवला आणि आम्ही दोघं खोक्यावरच बसून प्यालो.

एक गोष्ट मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही, ती लपवणार नाही. त्या बाईला भेटायला मी महिन्याभराने भंडाऱ्याच्या बाजारात गेलो. सुमनने तिच्यासाठी एक लुगडं दिलं होतं. ती पालेभाजीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत बसली होती. तिच्या कपाळाला कुंकू नव्हतं. आम्ही घरी आल्यावर आठवड्याभरात तिचा नवरा गेला होता. मी लुगड्याची पिशवी तिच्यापुढे ठेवली. मी एवढंच म्हणालो की तुमच्यामुळे माझा बाप मला मिळाला, देवानेच तुम्हाला पाठवलं होतं. ती म्हणाली, "मी काय केलं भाऊ? या बाजूनं त्या बाजूले बसा म्हनलं." आणि पुढे विचारलं, "तुमचा बुढा खाते ना उजवीकडची भाकर? नाई खाल्ली त ताट फिरवून देत जा." माझे बाबा घरी आले आणि तिचा माणूस का नाही, हे मला कोणत्याच पक्षाच्या शास्त्रातून सांगता येत नाही. रोज सकाळी मी आता तिचंही नाव घेतो.

म्हणजे प्रार्थना पुन्हा सुरू झाली आहे. आधीसारखी पाठ केलेली नाही, अडखळत अडखळत होते. आधी विश्वास की आधी जीव, हे मला अजून कळलेलं नाही आणि मंडळीतला वाद अजून मिटलेला नाही, फक्त चहा आता सगळे एकत्र पितात. एवढं मात्र दवाखान्यात कळलं की ज्याला मी मेलेला समजत होतो तो मला शोधत होता, आणि मी देवासाठी ठरवून ठेवलेल्या जागेवर देव आला नाही. त्याने कुठून यावं हे ठरवणं माझ्याकडून काढून घेतलं गेलं. त्याबद्दल मी त्याचे आभार मानतो, जरी काढून घेताना दुखलं असलं तरी.

दर रविवारी प्रार्थना आटोपली की मी गावी जातो. बाबा ओसरीवर खाटेत असतात, वाचा आलेली नाही. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसतो, त्यांचा हात हातात घेतो आणि त्यांच्या देखत, त्यांच्या नावाने प्रभूला हाक मारतो. कधी ते ऐकतात. कधी मध्येच हात सोडवून माशी हाकलतात आणि पुन्हा हातात देतात. विश्वास ठेवता का, हे मी त्यांना पुन्हा विचारलेलं नाही. मागच्या रविवारी प्रार्थना जरा लांबली. डोळे उघडून पाहिलं तर त्यांना झोप लागली होती, हात माझ्या हातात तसाच होता. राहिलेलं सगळं मी मनात म्हटलं. आमेनसुद्धा मोठ्याने म्हटलं नाही, त्यांची झोप मोडली असती.